साथीच्या दिवसांत आमवाताचे औषध
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला एका सभासद भगिनीने चार उपयोगाच्या गोष्टी सांगाव्यात असा आपला प्रघात आहे. आजवर कोणी उन्हाळी कामांवर बोलल्या, कोणी बचतीवर, कोणी मुलांच्या अभ्यासावर. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले आणि विषयही त्यांनीच सुचविला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सभेत बोलण्याचा सराव नाही. परंतु ज्या आजाराविषयी बोलावयाचे तो गेली बारा वर्षे माझ्याच सांध्यांत वस्तीला आहे आणि त्याच्या गोळ्या माझ्याच फडताळात आहेत. तेव्हा पुस्तकातले नसले तरी घरातले मला सांगता येईल असे वाटले, म्हणून उभी राहिले.

आपल्याकडे गुडघा दुखला तरी संधिवात, कंबर धरली तरी संधिवात. वय झाले की सांधे झिजतात, ते दुखणे निराळे. मी बोलते आहे ते आमवाताविषयी. यात हाताच्या बोटांचे बारीक सांधे, मनगटे, पायाची बोटे दोन्ही बाजूंनी सुजतात. सकाळी उठल्यावर बोटे मिटत नाहीत. तास-दीड तास हात जसे लाकडाचे. हा म्हातारपणाचा आजार नव्हे. तिशी-चाळिशीतल्या बायकांनाही तो गाठतो. पुरुषांच्या मानाने बायकांना हा आजार दोन-तीन पटींनी अधिक होतो. याच जातीचा दुसरा एक आजार ल्युपस. त्यात तर दहातल्या नऊ रोगी बायका, आणि त्याही बहुतेक ऐन तारुण्यातल्या.

कोणी म्हणेल, असे कितीसे रोगी असणार? 1996 साली पुणे जिल्ह्यातील भिगवण गावी डॉक्टर अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. त्यात दर दोनशे मोठ्या माणसांमागे सुमारे एक आमवाताचा रोगी आढळला. आता आपल्या पेठेतली घरे मनातल्या मनात मोजा. म्हणजे कळेल की हा आजार कोणाच्या तरी शेजारी आहेच.

हा आजार होतो कसा, हे मला डॉक्टरांनी साध्या शब्दांत सांगितले होते. आपल्या शरीरात रोगजंतूंशी झुंजणारी एक राखण असते. तिलाच प्रतिकारशक्ती म्हणतात. या आजारात त्या राखणदारालाच घरचा-परका कळेनासा होतो. चोर सोडून तो घरच्याच माणसांच्या अंगावर धावतो. सांध्यांच्या आतल्या अस्तरावर त्याचा हल्ला चालू राहिला की सांधा सुजतो, पुढे कूर्चा आणि हाड खाल्ले जाते, आणि बोट वाकडे होते. वाकडे झालेले बोट मग कोणत्याही गोळीने सरळ होत नाही. म्हणून औषध घ्यावयाचे ते हाड वाचविण्यासाठी. दुखणे थांबणे हा त्यातला वरचा लाभ.

या औषधांचा स्वभाव नीट कळला तरच पुढची गोष्ट कळेल, म्हणून दोन शब्द त्यावर सांगते.

पहिले मेथोट्रेक्सेट. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते, रोज नाही. चुकून रोज घेतली तर ती जिवावर बेतते. मी रविवार धरला आहे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात प्रत्येक रविवारी लाल खूण करते. तिच्या जोडीला डॉक्टर सांगतील त्या दिवशी फॉलिक ॲसिडची गोळी. दर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासून यकृत आणि रक्तपेशी ठीक आहेत ना, हे पाहावे लागते. ज्या मुलींना मूल हवे आहे त्यांनी ही गोळी डॉक्टरांना विचारून आधीच थांबवावी लागते, कारण ती गर्भाला घातक आहे.

दुसरे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. मुळात हे हिवतापाच्या औषधांच्या घराण्यातले. आमवातात आणि ल्युपसमध्येही ते चालते. ल्युपसच्या रोग्यांना तर ते वर्षानुवर्षे घ्यावे लागते, आणि गरोदरपणातही डॉक्टर ते बहुधा चालू ठेवतात. त्यासाठी डोळ्यांची तपासणी वेळोवेळी करून घ्यावी लागते.

तिसरे स्टेरॉइड. याचे नाव काढले की लोक दचकतात. 1948 साली अमेरिकेत डॉक्टर फिलिप हेंच यांनी आमवाताच्या एका रोगी बाईला कॉर्टिझोन दिले आणि अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालू लागली. 1950 साली त्यांना दोन सहकारी शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे या औषधाचे तोटेही कळले. हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. म्हणून आता डॉक्टर ते थोडे आणि थोडे दिवस देतात. पण एक लक्षात ठेवावयाचे. मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन लहान ग्रंथी असतात, त्या हाच रस शरीराला रोज पुरवितात. बाहेरून गोळी मिळू लागली की त्या आळसावतात. घरी कामाला बाई आली की आपली धुण्याची सवय मोडते, तसेच. तिने एका सकाळी न सांगता येणे बंद केले तर घरात जो गोंधळ उडतो तो शरीरात उडतो. ओकाऱ्या होतात, ग्लानी येते, रक्तदाब उतरतो. प्रसंगी जीवही जातो. म्हणून ही गोळी एकदम सोडावयाची नाही. डॉक्टरांच्या सांगण्याने पायरी-पायरीने उतरवायची.

या औषधांचा आणखी एक स्वभाव आहे आणि सगळा घात त्यातच आहे. ती हळू लागू पडतात. दूध तासाभरात विरजत नाही, तशी ही औषधे आठवडाभरात गुण देत नाहीत. दोन-तीन महिने जावे लागतात. आणि तशीच ती हळू उतरतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन तर बंद केल्यावरही कित्येक आठवडे अंगात रेंगाळते. त्यामुळे गोळी सोडली तरी पहिले पंधरा दिवस, महिना काहीच होत नाही. बाईला वाटते, पाहा, औषधावाचून बरी आहे की मी! बांध फुटला तरी पाणी शेवटच्या वावरात पोचायला वेळ लागतो. पाणी पोचले की मात्र पीक गेलेच म्हणून समजा.

आता त्या साथीच्या दिवसांकडे वळते.

22 मार्च 2020 रोजी जनता कर्फ्यू झाला. 23 मार्चला राज्य सरकारने जिल्ह्यांच्या सीमा बंद केल्या आणि 25 मार्चपासून सगळ्या देशाला टाळे लागले. आपण साताऱ्याच्या बायका. माझे सांध्यांचे डॉक्टर पुण्याचे. एरवी सकाळच्या एसटीने गेले की संध्याकाळी भाकरी टाकायला मी घरी. त्या वेळी मात्र नीरेच्या पुलापाशी पोलीस उभे, एसटी बंद, आणि पुण्यात तर साथीचा कहर. मधुमेह, रक्तदाब यांच्या गोळ्या पेठेतल्या दुकानात मिळत होत्या. आमच्या गोळ्या मात्र रोज खपणाऱ्यांतल्या नाहीत, त्यामुळे दुकानदार त्या थोड्याच ठेवतो. त्यातच एक नवे संकट आले.

मार्चच्या 22-23 तारखेला केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने कोविडच्या रोग्यांची सेवा करणारे आरोग्य कर्मचारी आणि रोग्यांच्या घरची माणसे यांना प्रतिबंधक म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेण्याची सूचना काढली. अमेरिकेच्या अध्यक्षांनीही त्या औषधाचे गोडवे गायिले. झाले! ज्याला त्याला ती गोळी घरात हवीशी झाली. ज्यांना कसला आजार नाही त्यांनीही पाकिटे नेऊन ठेवली. सरकारने लगेच निर्यातीवर बंदी घातली आणि 26 मार्चला हुकूम काढून डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून आणि दुकानातल्या नोंदीवाचून ती विकू नये असे ठरविले. हुकूम योग्यच होता. पण तोवर आमच्यासारखीला दुकानात उत्तर मिळू लागले, "वहिनी, संपली. केव्हा येईल सांगता येत नाही."

माझ्या डबीत तेव्हा अकरा गोळ्या होत्या. हे मला आजही आठवते, कारण त्या मी रोज मोजत होते. 25 मार्चला सरकारने फोनवरून किंवा व्हिडिओवरून रोगी तपासून चिठ्ठी देण्याचे नियम जाहीर केले, हे माझ्या थोरल्या मुलाने वाचले. त्याने पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला. मी बोटे मिटून, उघडून, मनगट वळवून फोनपुढे दाखविले. डॉक्टरांनी नवी चिठ्ठी पाठविली आणि रक्ताची तपासणी इथेच करून घ्यायला सांगितली. पुण्यात माझा भाचा राहतो. त्याने ती चिठ्ठी घेऊन चार दुकाने पालथी घातली, पाचव्या दुकानात दोन महिन्यांच्या गोळ्या मिळाल्या. भाजीच्या गाड्यांना जाण्यायेण्याची मुभा होती. आमच्या ओळखीच्या टेंपोवाल्या भाऊंनी पाकीट आणून दारात ठेवले आणि लांबूनच हाक मारली. माझ्या डबीत तेव्हा दोन गोळ्या उरल्या होत्या. त्या भाऊंचे उपकार मी विसरणार नाही.

माझे निभावले, कारण घरात फोन चालविणारा मुलगा होता, पुण्यात भाचा होता आणि पेठेत टेंपो होता. ज्यांच्याकडे यातले काहीच नव्हते त्यांचे काय झाले असेल? आणि औषध मिळत असूनही ज्यांनी सोडले त्यांचे काय? मला मुख्यतः बोलावयाचे आहे ते त्यांच्याविषयी.

माझ्या थोरल्या जाऊबाई कऱ्हाडला असतात. त्यांनाही हाच आजार. त्यांची परवानगी घेऊनच सांगते आहे. एप्रिलमध्ये एक दिवस त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "अगं, टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ सांगतात की प्रतिकारशक्ती वाढवा, आणि आपण मेल्या ती कमी करण्याच्या गोळ्या गिळतो! मी सगळ्या बंद केल्या. काढा घेते आता."

मी म्हटले, "जाऊबाई, डॉक्टरांना विचारलेत का?"

"त्यांना कशाला विचारायचे? ते चालूच ठेवा म्हणणार. आणि इकडे मला ती साथ लागली तर हे सगळे घर बुडेल."

पाहा भगिनींनो, यात आळस नव्हता की बेपर्वाई नव्हती. घराची काळजी होती. त्या बोलण्यात वरवर तर्कही होता. म्हणूनच तो खोडून काढणे अवघड गेले. मी फोन ठेवला आणि पुढच्या खेपेला माझ्या डॉक्टरांनाच हे विचारले.

ते म्हणाले, "राखणदार घरच्यांना चावतो म्हणून आपण त्याला साखळी घालतो, मारून टाकीत नाही. साखळी सोडली तर तो चोर पकडील असे नाही, पण घरच्यांना मात्र चावेल. या औषधांनी काही जंतुसंसर्ग थोडे वाढू शकतात, हे खरे. पण आजार उफाळला की मोठ्या मात्रेत स्टेरॉइड द्यावे लागते, आणि त्यात धोका अधिक."

जगातल्या सांध्यांच्या डॉक्टरांच्या संस्थांचेही त्या वर्षी हेच सांगणे होते : साथ लागलेली नसेल तर औषधे चालू ठेवा, लागली तर डॉक्टरांना विचारून काही औषधे थोडे दिवस थांबवा, स्टेरॉइड एकदम कधीही सोडू नका. पुढे देशोदेशीच्या रोग्यांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या गेल्या, तेव्हा कळले ते असे : ज्यांचा आजार काबूत नव्हता आणि ज्यांना रोज 10 मिलिग्रॅमहून अधिक स्टेरॉइड चालू होते, त्यांना कोविडचा धोका अधिक होता. काही निवडक औषधेही धोक्याची ठरली. पण आमवातावरची सगळीच औषधे घातक, ही जी हाकाटी होती ती खरी निघाली नाही.

जाऊबाईंना मी हे सगळे सांगितले. पण महिना उलटूनही त्यांना काही झाले नव्हते, त्यामुळे त्यांना आपलेच खरे वाटत होते. मी मघाशी बांधाचे सांगितले ते याचसाठी. जूनमध्ये त्यांना धुणे पिळवेना. श्रावणात त्यांनी पुरणपोळ्या केल्या नाहीत; त्यांच्या हातच्या पोळीला सगळे नातलग नावाजतात. भाद्रपदात भावजींना त्यांची वेणी घालून द्यावी लागली. सप्टेंबरच्या आरंभी जिल्ह्याबाहेर जायला लागणारा ई-पास रद्द झाला तेव्हा त्या पुण्याला गेल्या. औषधे पुन्हा सुरू झाली. मध्ये काही आठवडे स्टेरॉइड अधिक घ्यावे लागले. जे टाळण्यासाठी औषध सोडले तेच वाट्याला आले. दिवाळीपर्यंत सूज उतरली. पण उजव्या हाताची दोन बोटे वाकली ती वाकलीच. आज त्या पोळ्या करतात, पण लाटणे तळहाताने ढकलावे लागते.

आता काढ्याविषयी एक शब्द. आपल्या परंपरेतल्या औषधांना मी नावे ठेवीत नाही. आले, तुळस माझ्याही घरात आहे. परंतु 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रोग्यांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले, आणि ज्यांना असा स्वतःच्याच शरीरावर उलटणारा आजार आहे त्यांनी जपावे असे सांगितले. आयुष मंत्रालयाने ते मानले नाही. वाद मोठ्या माणसांचा आहे. आपण एवढेच करावे की, जिची यकृताची तपासणी दर तीन महिन्यांनी होते तिने नवा काढा सुरू करण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घालावे.

दुसरी गोष्ट आमच्या पेठेतलीच आहे. नाव घेत नाही. नवरा रिक्षा चालवितो. टाळेबंदीत रिक्षा दारात उभी. सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आल्या, मुलाच्या मोबाइलचे पैसे भरले गेले, कारण शाळा त्यावर भरत होती. हिने आपल्या गोळ्या मात्र एक दिवसाआड करून टाकल्या. मग दोन दिवसांआड. घरात कोणाला पत्ता नाही. मला कळले ते तिसऱ्या महिन्यात, रेशनच्या रांगेत, तिला पिशवी उचलवेना तेव्हा. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "काकू, माझे काय, मी सोसते."

भगिनींनो, हे "मी सोसते" आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसलेले आहे. घरात तंगी आली की पहिली काटछाट कुठे होते? बाईच्या ताटातल्या भाजीत, तिच्या चपलेत आणि तिच्या औषधात. सासऱ्यांच्या गोळ्या कोणी एक दिवसाआड केल्या नाहीत. तसे केले असते तर घरात बोभाटा झाला असता. हिच्या गोळ्यांचा हिशेब तिच्याखेरीज कोणी ठेवीतच नव्हते. आणि अर्धे औषध म्हणजे काही अर्धा गुण नव्हे. रक्कम खर्च होते ती होतेच आणि आजार आतून चालूच राहतो. उद्या तिचे हात गेले तर ज्या घरासाठी तिने सोसले ते घर कोण चालविणार?

तिसरी गोष्ट एका विशीतल्या मुलीची. तिला ल्युपस. लग्न ठरत होते. गोळ्या पाहिल्या तर पाहुणे विचारतील, म्हणून आईनेच त्या ट्रंकेत घातल्या. साथीचे निमित्त होतेच. दवाखाना बंद, सांगायला सोपे. सहा आठवड्यांनी चेहऱ्यावर चट्टा उठला, पाय सुजले. लघवीतून प्रथिने जाऊ लागली होती, म्हणजे आजार मूत्रपिंडापर्यंत गेला होता. वेळेवर उपचार मिळाले म्हणून ती आज बरी आहे. लग्नही झाले, आजार सांगूनच झाले. लपविलेला आजार माहेरच्या ट्रंकेत राहत नाही. तो मुलीबरोबर सासरी जातो. मग आधीच सांगितलेले काय वाईट?

अशा रीतीने औषध सुटण्याची चार कारणे मी माझ्या भोवती पाहिली : मिळाले नाही, भीती वाटली, पैसे नव्हते आणि लाज वाटली. कोणी सुशिक्षित भगिनी म्हणतील, हे अडाणीपणामुळे होते. तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2003 साली जाहीर केले की श्रीमंत देशांतसुद्धा जुनाट आजारांचे औषध सांगितल्याप्रमाणे घेणारे रोगी सरासरी निम्मेच. तेव्हा शिकलेले आणि न शिकलेले, दोघेही याच वाटेने जातात. साथीने ही वाट फक्त अधिक निसरडी केली.

आणि ज्या गोळीसाठी एवढी झुंबड उडाली तिचे पुढे काय झाले तेही ऐका. जून 2020 मध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीने सांगितले की इस्पितळातल्या कोविडच्या रोग्यांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा काही फायदा नाही. त्याच महिन्यात त्याच चाचणीने दाखविले की प्राणवायूवर असलेल्या गंभीर रोग्यांचे प्राण वाचविते ते डेक्सामेथासोन, म्हणजे एक साधे, स्वस्त स्टेरॉइड. ज्या गोळीसाठी लोक धावले ती त्यांच्या कामाची नव्हती, आणि ज्या औषधाला लोक भ्याले त्यानेच गंभीर रोग्यांना हात दिला. यावरून एवढेच शिकावे की कोणते औषध कोणाला, केव्हा आणि किती, हे टीव्हीवरून किंवा शेजारणीवरून ठरवू नये. माझे हे भाषण ऐकूनही ठरवू नये! 2021 साली लस आली तेव्हाही असेच झाले. एका बाईला डॉक्टरांनी लशीनंतर आठवड्याची गोळी एक खेप पुढे ढकलायला सांगितली. ते ऐकून दुसरीने महिनाभर बंद ठेवली. एकीची चिठ्ठी दुसरीला चालत नाही.

5 मे 2023 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. साथ गेली, पण रस्ते बंद होण्याची कारणे संपली नाहीत. पूर येतात, संप होतात, दरडी कोसळतात. म्हणून काही सूचना मी मंडळापुढे ठेवते.

ज्या भगिनीला रोजचे किंवा आठवड्याचे औषध आहे तिने एक वही करावी. तीत आजाराचे नाव, गोळीचे मूळ नाव, मात्रा, घेण्याचा वार आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहावी. चिठ्ठीचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये असावा. शेवटची पट्टी उघडली की त्याच दिवशी पुढची आणावी. डॉक्टरांना विचारून महिना-दीड महिन्याचा साठा घरात असावा. पण भीतीपोटी वर्षाचा साठा करू नये, कारण आपण साठविलेली गोळी दुसऱ्या कोणाची तरी आजची गोळी असते. जनऔषधी केंद्रातही चौकशी करावी. काही औषधे तिथे मूळ नावाने पुष्कळ स्वस्त मिळतात. औषध सोडावेसे वाटले तर सोडण्याआधी एक फोन डॉक्टरांना करावा आणि खरे कारण सांगावे. पैसे नाहीत, हेही कारणच आहे. ते ऐकले की डॉक्टर स्वस्त गोळी सुचवू शकतात. न सांगितले तर त्यांना वाटते गोळी लागू पडली नाही, आणि ते आणखी महाग गोळी लिहितात.

हे झाले एकेकीचे. आता मंडळाचे. आपली भिशी वर्षानुवर्षे चालू आहे. तिच्यात भांडी झाली, शिलाईयंत्रे झाली. तीतून दर महिन्याला थोडी रक्कम औषधासाठी बाजूला काढावी असे मी सुचविते. जिला अडचण असेल तिने अध्यक्षीणबाईंना एकटीला सांगावे; नाव बाहेर जाऊ नये; रक्कम जमेल तशी परत करावी. दुसरे असे की, प्रत्येक आळीत दोघीजणींनी जबाबदारी घ्यावी. एकीने फोनचे काम पाहावे, दुसरीने दुकानाचे. पुन्हा कधी रस्ते बंद झाले तर कोणाच्या घरी कोणती गोळी किती दिवसांची आहे हे आपल्याला ठाऊक असेल आणि टेंपोवाल्या भाऊंना एकाऐवजी दहा पाकिटे आणता येतील.

शेवटी, आज इथे बसलेल्यांपैकी कोणाची बोटे सकाळी तास-तास आखडत असतील, दोन्ही हातांचे बारीक सांधे सहा आठवडे सुजलेले असतील, तर तिने तेल चोळीत बसू नये. रक्त तपासून घ्यावे. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झाले तर सांधा बहुधा वाचतो. आमच्या वेळी हे कोणी सांगितले नव्हते.

भाषणानंतर चिटणीसबाई वही फिरविणार आहेत. ज्यांना नाव द्यावयाचे आहे त्यांनी द्यावे; ज्यांना चारचौघींत नको वाटते त्यांनी उद्या दुपारी माझ्या घरी यावे. सुनेचे नाव सासूने दिले तर अधिकच बरे.